राऊतबाईंचे तीन आठवड्यांचे मौन

राऊतबाईंची आणि माझी ओळख विरारच्या आमच्या महाविद्यालयातील संगणक प्रयोगशाळेत झाली. मी साताऱ्याकडून नोकरीसाठी आलो होतो, फुलपाड्यात भाड्याने राहत होतो. बाई विभागप्रमुख. माझी प्रमाणपत्रे बाजूला सारून त्या म्हणाल्या, "हे कागद कुणीही आणतं. तो बंद पडलेला संगणक चालू करून दाखवा." पुढे महिनाभर मुख्य संगणकाचा पासवर्ड त्यांनी मला दिला नाही. या बाईंचा कुणावरच विश्वास नाही, असे मत मी तेव्हा करून घेतले. आज त्यांच्या साठीच्या निमित्ताने लिहितानाही ते मत मी पूर्णपणे मागे घेत नाही.

बाई वसईच्या बागायतदार घरातल्या. गणित शिकवता शिकवता त्या स्वतःच्या हिमतीवर संगणकाकडे वळल्या आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो ओळ न ओळ वाचू लागल्या. त्या वाचनाचे मोल मला दोन हजार सालानंतरच्या एका प्रसंगात कळले.

परीक्षेचे अंतर्गत गुण मुख्य संगणकात ठेवलेले असत. एका सकाळी तीन विद्यार्थ्यांचे गुण वाढलेले दिसले. बदल सर्वाधिकार असलेल्या खात्यातून झाला होता. त्याचा पासवर्ड दोघांनाच ठाऊक होता, बाईंना आणि मला. बदल झाला त्या आदल्या संध्याकाळी मी प्रयोगशाळेत होतो, तशी नोंदही होती. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती.

"कदम, प्रयोगशाळेची किल्ली द्या," बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या.

"बाई, मी काही केलेलं नाही."

"नसेल. पण किल्ली द्या. आणि तो संगणक कुणी बंद करू नका. त्याच्या मेमरीत काय उरलंय ते मला बघायचंय."

गुण कागदावरच्या प्रतींवरून पूर्ववत झाले, पण स्टाफरूममध्ये मी गेलो की बोलणे थांबू लागले. प्राचार्यांनी मला बोलावून घेतले आणि "आपण होऊन सांगितलंत तर बरं" एवढेच सांगितले. बाई तर दार लावून बसत. प्रयोगशाळेतले शिपाई मेहेरमामा अर्नाळ्याचे. ते म्हणाले, "बाई जेवल्या पन नाय. नुसते कागद वाचतात." मला वेगळाच वास येऊ लागला. पासवर्ड दोघांकडे होता आणि मी काही केले नव्हते. मग राहिले कोण? एकदा त्या बाहेर गेल्यावर मी केराच्या टोपलीतले त्यांचे चुरगळलेले कागद काढून वाचले. परदेशातल्या कुणा अनोळखी माणसांना लिहिलेल्या पत्राचा तो कच्चा मसुदा होता. 'कृपया हे कुणालाही कळू देऊ नका' हे वाक्य त्यात होते. माझी खात्रीच पटली.

त्या रविवारी सकाळी बाई आमच्या घरी आल्या, हातात वाडीतल्या केळ्यांची फणी. बसल्या आणि सरळ विषयाला आल्या.

"पहिला संशय मी तुमच्यावरच घेतला. आता तो नाही. कर्नलमध्येच चूक आहे. एखादा प्रोग्राम मेमरीत किती लिहायचं तो आकडा देतो. आकडा फार मोठा नाही ना, एवढंच कर्नल बघतो. ऋण आकडा दिला की तो सुटतो आणि पुढे प्रचंड मोठा धरला जातो. मग लिखाण आपली जागा सोडून शेजारच्या जागेत जातं. तिथे हे खातं कुणाचं, याची नोंद असते. ती बदलली की साधा विद्यार्थी मालक होतो. पासवर्ड लागतच नाही."

"मग हे प्राचार्यांना सांगा ना," माझी पत्नी म्हणाली.

"सांगितलं की चार दिवसांत सगळीकडे पसरेल आणि कुणीही ही चूक वापरेल. हीच सिस्टिम कितीतरी ठिकाणी चालते. कर्नल सांभाळणाऱ्यांना मी कळवलंय. त्यांनी दुरुस्तीला तीन आठवडे मागितलेत."

"म्हणजे तोवर यांनी चोर म्हणून फिरायचं?"

"हो," बाई म्हणाल्या. "म्हणूनच विचारायला आले. हे नको म्हणाले तर उद्याच सांगते."

मी म्हणालो, "पण हे खरं कशावरून?"

रागावतील असे वाटले होते, पण त्या हसल्या. "उद्या स्वतः करून बघा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक वेगळा संगणक जोडणीतून काढून माझ्यासमोर ठेवला. विद्यार्थ्यांच्या सामायिक खात्यातून मी तो छोटा प्रोग्राम चालवला आणि क्षणात त्या यंत्राचा मालक झालो. टोपलीतल्या कागदांचे मी त्याच वेळी कबूल केले. बाई म्हणाल्या, "बरोबर केलंत. मी फाडून टाकायला हवे होते."

मी तीन आठवडे गप्प राहिलो. ते सोपे नव्हते. आमच्या संगणकावर बाईंनी स्वतः तात्पुरती दुरुस्ती केली, बाहेरची टेलिफोन जोडणी काढून ठेवली आणि ती दुरुस्ती तिकडे पाठवली. तिकडून शंकेची पत्रे आली. बाईंनी प्रत्येक शंकेला पुरावा दिला. दुरुस्ती जाहीर झाली त्याच दिवशी त्यांनी स्टाफरूममध्ये उभ्या राहून प्राचार्यांना लिहिलेले पत्र वाचून दाखवले. 'कदम यांचा या प्रकाराशी संबंध नाही, हे मला तीन आठवडे माहीत होते. या काळात त्यांनी सोसलेल्या बदनामीला मी जबाबदार आहे.' नोकरीत मी पुढे कायम झालो. सामायिक खाते वापरून गुण कुणी बदलले, ते कधीच कळले नाही. बाईंना ते आजही खटकते.

निवृत्तीनंतर बाई वाडीत रमल्या आहेत. डॉक्टरांनी प्रकृती उत्तम असल्याचे सांगितले, तर तो रिपोर्ट त्या दुसरीकडून तपासून आणतात, असे ऐकतो. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि त्यांच्या प्रत्येक शंकेला दर वेळी हेच उत्तर मिळो, की बाई, सगळे ठीक आहे.