दगडापलीकडची काठी

आमच्या साल्मी कॉर्नरला बर्फ नोव्हेंबरात येतो आणि मेपर्यंत मालकासारखा राहतो. मोठ्या तळ्यावरचा वारा रात्रभर तो वाहून आणतो. सकाळी दार उघडावं तर पायरी नाही, कुंपण नाही, टपालाची पेटी नाही. मग बर्फ लोटणारा सरकारी नांगर, पुढे रुंद पोलादी पातं लावलेला ट्रक, घरघरत रस्त्यावरून जातो. रस्ता मोकळा होतो, पण बाजूला लोटलेला बर्फ प्रत्येक घराच्या वाटेच्या तोंडाशी बांधासारखा साचतो. कमरेएवढा बांध, बघता बघता घट्ट होणारा. तो फोडायला घरच्या गाडीला पुढे नांगर लागतो, नाहीतर नांगर असलेला माणूस लागतो. थेल्मा कारवोनेनकडे असा माणूस होता. तो तिचा दीर होता, आणि तीच अडचण होती.

थेल्मा मूळची इथली नव्हे. सामुद्रधुनीवरच्या मोठ्या पुलाच्या दक्षिणेला, सपाट मक्याच्या मुलखात तिचा जन्म. तिकडच्यांना आम्ही ‘पुलाखालचे’ म्हणतो. हसत म्हणतो, पण म्हणतो. ओन्नी कारवोनेन लाकडाच्या ट्रकवर होता. एकदा तो दक्षिणेला गेला आणि येताना हिला घेऊन आला. ती आमची भाषा जेवणापुरती शिकली, सौना, म्हणजे आमची वाफेची न्हाणी, तापवायला शिकली, वेलदोडा घातलेला आमचा गोड पाव तर सासूपेक्षा मऊ करू लागली. सासू अखेरच्या दुखण्यात तिला म्हणाली होती, “पाव चांगला करतेस हो. पुलाखालची असून.” थेल्माने ते कौतुक म्हणून जपून ठेवलं. त्या घराने तिला जपण्यासारखं दुसरं फारसं काही दिलं नव्हतं.

ओन्नी मात्र तिचा होता. त्याचा जीव दोनच गोष्टींवर, एक थेल्मा आणि दुसरी त्याची हिरवी पिकअप. रविवारी प्रार्थनेहून आला की कोट न काढता तो गाडी पुसायला लागे. सगळ्या गावाने आपापल्या गाड्यांना नांगर लावले, ओन्नीने कधी लावला नाही.

“नांगर गाडीला आतून खातो,” तो म्हणायचा. “आधी पुढच्या स्प्रिंगा खातो, मग गिअर, मग चासी. माणसाला खोकला लागावा तसं. बाहेरून काही दिसत नाही.”

त्यांची वाट ओन्नीचा मोठा भाऊ आर्विद मोकळी करायचा. आर्विदच्या जुनाट ट्रकला गंजलेला नांगर होता आणि निम्मं गाव त्याच्या भरवशावर होतं. वळणावर ओन्नीने एक मोठा दगड आणून टाकला होता, कुणाचं चाक सौनाच्या पाइपावर जाऊ नये म्हणून. पहिल्या हिवाळ्यात आर्विदने त्या दगडावरून भावाला चिक्कार शिव्या घातल्या. पुढे तो दगड त्याच्या इतका अंगवळणी पडला की डोळे मिटूनही तो तिथून वळला असता.

मग एका उन्हाळ्यात ओन्नी पोटाच्या दुखण्याने गेला. दफनानंतर चर्चच्या तळघरात कॉफी चालू होती. आर्विद हातात बशी घेऊन थेल्मासमोर येऊन उभा राहिला.

“गाडीचं काय करणार आहेस?”

“ठेवणार.”

“कशाला? पाव भाजायला पीठ आणायला?”

“ओन्नीची आहे, आर्विद.”

“ओन्नी माझा भाऊ होता. तू पूल ओलांडायच्या कितीतरी आधीपासून.”

तळघरातल्या सगळ्यांनी ते ऐकलं आणि सगळ्यांनी आपापल्या कपात पाहिलं.

त्या हिवाळ्यापासून थेल्माची वाट गावात सगळ्यांत शेवटी निघू लागली. ती तालुक्याच्या गावी म्हाताऱ्यांच्या आश्रमात स्वयंपाकघरात होती. सकाळची खीर तिच्या हातची. दात नसलेली माणसं तिची वाट बघत बसायची. छोट्या गाडीने ती जायची, पण त्या गाडीने बांध फुटत नाही. कोट घालून, डबा मांडीवर घेऊन ती खिडकीशी बसायची आणि आर्विदच्या ट्रकचे दिवे आधी शेजारच्या लिडियाकडे जाताना बघायची, मग शाळेकडे, मग ज्या घरात हिवाळाभर कुणीच राहत नाही त्या घराकडे. ती फोन करायची.

“आर्विद, आज जरा आधी येशील का?”

“येतो की. आधी गावातल्यांचं होऊ दे.”

कधी तो वाट काढायचा आणि तोंडाशी बांध तसाच ठेवायचा. “अरेच्चा, विसरलोच,” म्हणायचा, काच खाली न करता, नुसते ओठ हलवून. थेल्मा फावडं घेऊन बाहेर यायची. असे दोन हिवाळे गेले.

तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरात आर्विद न बोलावता आला. पानगळ संपत आली होती, जमीन अजून मऊ होती. त्याच्या खांद्यावर खुणेच्या काठ्यांचा भारा होता, टोकं नारिंगी रंगवलेल्या काठ्यांचा. आमच्याकडे जमीन गोठायच्या आत वाटेच्या दोन्ही कडांना अशा काठ्या ठोकतात. पुढे सगळं पांढरं झालं की नांगरवाल्याला कड कुठे आहे हे फक्त काठी सांगते. एकदा जमीन गोठली की काठी ना आत जाते ना बाहेर येते.

“तुला कशाला काठ्या?” थेल्मा म्हणाली. “तुला तर पाठ आहे ही वाट.”

“वय झालं. डोळ्यांचा काय भरवसा?” तो म्हणाला आणि हसला. दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडे बघून हसला.

ती घरात जाऊन पाव भाजायला लागली. खिडकीतून तिला नारिंगी टोकांची रांग सरळ पुढे जाताना दिसत होती, आणि तिला वाटलं, चला, राग निवळला याचा. पाव गरम असतानाच फडक्यात गुंडाळून तिने त्याच्या हाती दिला. “वेलदोडा छान लागतोय,” तो म्हणाला.

राग काही निवळला नव्हता. हिवाळा आला आणि पुन्हा तीच शेवटची पाळी. वर आर्विद यंदा तिची वाट अरुंद काढू लागला. शहाणा नांगरवाला पहिल्या बर्फालाच कडेचे ढीग लांब ढकलतो, नाहीतर जानेवारीत पुढच्या बर्फाला जागा उरत नाही. आर्विदला हे त्याच्या आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. तरी थेल्माच्या वाटेचे ढीग आत आत येत राहिले. वळणावरचा दगड डाव्या ढिगाखाली दिसेनासा झाला.

जानेवारीत आश्रमाच्या बाईंनी तिला बोलावलं. “थेल्मा, म्हातारी माणसं उपाशी बसतात गं. आता पुन्हा उशीर झाला तर येऊच नकोस. मला दुसरी बाई बघावी लागेल.”

त्या दुपारी ती गॅरेजात जाऊन हिरव्या पिकअपमध्ये बसली. आत ओन्नीचा वास होता, देवदाराच्या चिकाचा, लोकरी टोपीचा. तिने स्टिअरिंगवर हात ठेवले. नांगर लावावा तर ओन्नीची गाडी तिच्याच हाताने आतून खायला घालायची. न लावावा तर जन्मभर खिडकीशी बसून दुसऱ्यांच्या दारातले दिवे बघायचे. दोन्हीकडे ओन्नीच हरत होता. शेवटी ती मोठ्याने म्हणाली, “तू पुसत बसलास, मला फावडं मारावं लागतंय.” आणि तिला स्वतःचाच राग आला, कारण मेलेल्या माणसाला हे तोडून बोलणं होतं आणि ते खरं होतं.

ओन्नीची होडी विकून तिने वापरलेला नांगर घेतला. तो लावला ताउनोने. ताउनो आमचा मेकॅनिक, बोलायला कंजूष. त्याने पिकअपच्या पुढच्या भागाखाली बराच वेळ डोकं घातलं.

“हलकी गाडी आहे,” तो म्हणाला. “मागे वाळूची पोती टाक, तोल राहील. आणि सावकाश चालव. पात्याला स्प्रिंगा आहेत, दगड लागला तर पातं दुमडतं. पण जोरात असलीस तर पातं दुमडून वाचेल आणि गाडी वर चढेल. मग तू जाणे आणि दगड जाणे.”

रविवारी चर्चच्या तळघरात ही बातमी तिच्याआधी पोचली होती.

“नांगर म्हणे!” लिडिया म्हणाली. “पुलाखाली नांगर मक्यात चालवतात गं थेल्मा. इथे पेरायचं नसतं काही.”

“आमचीही वाट काढ हो मग,” कुणीतरी मागून म्हणालं. “जूनपर्यंत निघेल.”

सगळे हसले. आर्विद हसला नाही. तो जवळ आला आणि शांतपणे, दिरासारखा बोलला. “बरं केलंस. माझंही ओझं कमी झालं. एक सांगतो, तुझी वाट फार अरुंद झालीय. पहिलं काम ते कर. डावीकडचा ढीग काठीपर्यंत मागे लोट. आणि भीत भीत जाऊ नकोस, जानेवारीचा ढीग आहे, रुतून बसशील. लांबून जोर घे.”

“ताउनो म्हणाला सावकाश.”

“ताउनो गॅरेजात बसतो. वाटा मी काढतो.”

हे खरंच होतं. आणि त्याने ‘बरं केलंस’ म्हटलं होतं.

पुढचं वादळ आलं त्या सकाळी थेल्मा अंधार असतानाच उठली. पिकअप सुरू केली, वाळूची पोती तपासली. नांगर खाली घेतला आणि बर्फ पात्यावरून लाटेसारखा गुंडाळत बाजूला पडू लागला, तेव्हा तिच्या घशात हसू आलं. तिने स्वतःचा बांध स्वतः फोडला. तेवढ्यावर थांबली असती तर वेळेवर पोचली असती, मागे छोटी गाडी तयारच होती. पण पुन्हा कुणाकडे मागायला नको म्हणून वाट नीट रुंद करावी असं तिला वाटलं. ती मागे आली. दिव्यांच्या उजेडात वळणावरच्या डाव्या ढिगाच्या वर नारिंगी टोक दिसत होतं. काठीपर्यंत मोकळी जमीन, दगड तिच्या पलीकडे, असं काठी सांगत होती. तिने लांबून जोर घेतला.

पातं दुमडलं. गाडी वर चढली. खालून असा आवाज आला जसा गोठलेल्या तळ्याला तडा जाताना येतो. थेल्माचं कपाळ काचेवर आपटलं. पुढची दोन्ही चाकं वेगवेगळ्या दिशांना बघत होती, आणि पिकअप वाट अडवून तिरपी पडली होती. छोटी गाडी तिच्यामागे कोंडली होती.

त्या हिवाळ्यात आर्विद पहिल्यांदाच बोलावण्याआधी आला. साखळी बांधून त्याने पिकअप ओढून काढली. थेल्माच्या कपाळावर स्वतःचा रुमाल बांधला. तिला आपल्या ट्रकमध्ये बसवून आश्रमात नेलं आणि बाईंसमोर टोपी काढून उभा राहिला. “माझी भावजय आहे. तिची चूक नाही. यापुढे तिला वेळेवर पोचवायची जबाबदारी माझी.” नोकरी राहिली. खीर झाली. त्या आठवड्यात तळघरात सगळे म्हणाले, असा दीर मिळायला नशीब लागतं.

दुपारी ती घरी आली तेव्हा पिकअप नव्हती. आर्विदने ती आपल्या अंगणात ओढून नेली होती. वळणावर ढीग फुटला होता आणि ओन्नीचा दगड उघडा पडला होता, अंगावर हिरव्या रंगाचा ओरखडा घेऊन. काठी त्याच्या पलीकडे उभी होती. ती अलीकडे असायला हवी होती. थेल्माने काठी दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. मग पाय रोवून ओढली. काठी तसूभर हलली नाही. जमीन नोव्हेंबरापासून लोखंड झाली होती. थेल्मा तिथेच उभी राहिली, हात काठीवरच, आणि तिला भाजत्या पावाचा वास आठवला.

दुसऱ्या दिवशी आर्विद आला, सगळ्यांच्या आधी, थेट तिच्याकडे. ती वाटेवर येऊन उभी राहिली. या वेळी त्याने काच खाली केली.

“ती काठी तू ऑक्टोबरात ठोकलीस,” थेल्मा म्हणाली.

“हो. पाव दिला होतास.”

“तेव्हा मला नांगर घ्यायचाय हे माझ्याही डोक्यात नव्हतं.”

“माझ्या होतं,” आर्विद म्हणाला.

इंजिन चालू होतं. तो तिला समजावून सांगावं तसा म्हणाला, “घरची माणसं दगड ओळखतात, थेल्मा. काठी बघून चालवतो तो परका.” मग त्याने आश्रमाच्या दिशेने मान हलवली. “बस चल. उशीर होईल.”

ती बसली. दुसरं काय करणार होती? गावात सांगितलं असतं तर गावाने कपात पाहिलं असतं.

पिकअपचे सुटे भाग आर्विदने काढले. दरवाजे, सीट, ओन्नीने पुसलेले आरसे. नांगराला काहीच झालं नव्हतं. स्प्रिंगांनी आपलं काम चोख केलं होतं. मार्चमध्ये त्याने स्वतःचा गंजलेला नांगर भंगारात टाकला आणि तिचा आपल्या ट्रकला लावला. तेव्हापासून थेल्माची वाट तिच्याच पात्याने निघते, गावात सर्वांत आधी, कडेपासून कडेपर्यंत स्वच्छ. बांधाचा एक खडाही मागे राहत नाही. जाताना आर्विद स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलतो. तीही हात उचलते. न उचलणं आमच्याकडे फार मोठं भांडण समजलं जातं, आणि भांडायला वाट लागते.

ऑक्टोबर पुन्हा आला. आर्विद भारा घेऊन आला. थेल्मा खिडकीतून बघत होती, या वेळी नजर न हलवता. दगडापाशी तो थांबला, तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि काठी दगडाच्या अलीकडे ठोकली, अगदी जिथे हवी तिथे. आता त्या काठीची कुणालाच गरज नव्हती.

भट्टीत पाव झाला होता. तिने तो फडक्यात गुंडाळला, कोट चढवला आणि बाहेर नेऊन दिला. आर्विदने तिथेच उभ्याने तुकडा मोडला आणि चावला.

“वेलदोडा कमी पडला यंदा,” तो म्हणाला.