आमच्या ह्यांचा कान

आमचे हे गाड्यांचे मिस्त्री. बॉनेट उघडायचं, मान तिरपी करायची आणि चारांपैकी कुठला स्पार्क प्लग गेलाय ते आवाजावरून सांगायचं, अशी ह्यांची ख्याती. गिऱ्हाइकं ह्यांना कौतुकानं ‘कानसेन’ म्हणतात. या कानसेनांना गेली चार वर्षं धड ऐकू येत नाही, हे फक्त दोघांना ठाऊक होतं. त्यातली एक मी.

कान गेले, ऐट गेली नाही. समोरच्याचं बोलणं कळलं नाही तरी ‘काय?’ म्हणून विचारायचं नाही. ‘बघू, बघू’ म्हणत मान डोलवायची.

गिऱ्हाईक आलं की मी गॅरेजच्या दारात भाजी निवडायला बसायचे. हे चालू इंजिनावर एकेका प्लगची वायर काढून पुन्हा लावायचे. चांगल्या प्लगची काढली की इंजिन अडखळतं. मेलेल्याची काढली तर त्याला पत्ताही लागत नाही. हाताला थरथर कळली असती म्हणा, पण आमच्याकडच्या गाड्या मुळातच नखशिखांत थरथरणाऱ्या. म्हणून ऐकायचे मी. पहिल्या प्लगसाठी अंबाडा सावरायचा, दुसऱ्यासाठी चष्मा, तिसऱ्यासाठी नाक खाजवायचं. चौथ्यासाठी मी खोकायचे. आठवडाभर खोकले, तेव्हा डोक्यात उजेड पडला की ज्याला इंजिन ऐकू येत नाही त्याला माझा खोकला काय ऐकू येणार! मग जांभई ठरवली.

आमच्या चिरंजिवांना संशय आला. रविवारी सकाळी तो म्हणाला, “बाबा, माझी गाडी चढावर दम टाकतेय. ऐकून सांगा कुठला प्लग. नाही सांगता आलं, तर उद्यापासून शटर खाली. ऐकू न येता चालू इंजिनात हात घालायचा, म्हणजे बोटं जायची एक दिवस.” आणि माझ्याकडे वळून, “आई, तू चहा टाक.”

शटर खाली म्हणजे हे दिवसभर खुर्चीत. 

मी स्वयंपाकघराच्या खिडकीत. रात्रभर गार पडलेली गाडी सुरू झाली. ह्यांनी चारही वायरी काढून लावल्या आणि सवयीनं दाराकडे बघितलं. दारात रिकामा पाट. गेलेला प्लग तिसरा, हे मला इथवर ऐकू येत होतं. मी नाक खाजवून खाजवून लाल केलं, पण ह्यांची माझ्याकडे पाठ.

ह्यांनी कोपऱ्यातली पाण्याची बाटली उचलली. मग बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन इंजिनातून निघणाऱ्या चार धुराच्या नळ्यांवर शिंपडलं. तीन नळ्यांवरचं पाणी चर्रकन उडालं. तिसरीवरचे थेंब तसेच बसून राहिले. प्लग पेटला नाही की त्याची नळी गारच राहते.

“तीन नंबर,” हे म्हणाले.

प्लग बाहेर आला, काजळीनं काळाठिक्कर. त्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका. बाद प्लगवर हे तसा ठिपका देऊन डब्यात टाकतात.

“माझ्याच डब्यातून चोरलास होय रे?” हे म्हणाले. चिरंजीव कानापर्यंत लाल.

ह्यांनी चारही प्लग नवे घातले, तोवर मी चहा घेऊन बाहेर आले. पोरगा चढावर एक चक्कर मारून आला आणि खूश होऊन सांगू लागला, की पायाचा नुसता भार दिला तरी गाडी पळते, गिअर उतरवावाच लागला नाही. मग आमच्याकडे पाठ करून हात पुसता पुसता हळूच म्हणाला, “ऐकू येत नाही ते कळलं मला. पण गॅरेज राहू दे. सुट्टीच्या दिवशी मी येत जाईन हाताखाली.”

“बघू, बघू,” हे म्हणाले.

पोरानं वळून माझ्याकडे बघितलं. मी हात वर नेला खरा, पण या वाक्यासाठी आमची खूणच ठरलेली नव्हती. तेव्हा तो ह्यांच्या समोर जाऊन उभा राहिला. हे त्याच्या तोंडाकडे बघत होते. चार वर्षांत पहिल्यांदा ह्यांच्या तोंडून शब्द फुटला, “काय?”

त्यानं सगळं पुन्हा सांगितलं, मोठ्यांदा, कोपऱ्यावर ऐकू जाईल असं.

“काय?” हे पुन्हा म्हणाले.

त्यानं तिसऱ्यांदा सांगितलं. ह्यांना दुसऱ्याच वेळी ऐकू आलं होतं, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.