गप्प झालेले ब्लॉग

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. वहिनी जिच्या लिहिण्याची वाट बघतात, त्या बाईने लिहिलं होतं. ते वहिनींपर्यंत पोचलं नाही, आणि ते माझ्यामुळे.

दादा गेल्यावर वहिनी कामतघरला एकट्याच राहिल्या. फोनवर ब्लॉग वाचायचा नाद त्यांना तेव्हा लागला. शुक्रवारी आळीतले लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद, सगळं शांत. तो त्यांचा वाचायचा दिवस. कोणी परसातल्या भाज्यांवर लिहायचं, कोणी खाडीवरच्या पक्ष्यांवर. आवडलेल्या ब्लॉगची फीड जोडली की त्याचं नवं लिखाण आपोआप फोनवर येतं. मी पूर्णा गावातल्या एका गोदामात कॉम्प्युटरवर बसणारा माणूस. त्यांच्या आवडत्या फीडची एक फाइल करून मी माझ्या वेबसाइटवर ठेवली. अशी फाइल कुठल्याही फीडच्या अ‍ॅपला चालते, म्हणून वाचनालयातल्या मंडळींनाही तिचा पत्ता दिला. वहिनींचा फोनही त्याच पत्त्याला जोडला. त्या सांगतील ते मी फाइलमध्ये घातलं, की सगळ्यांकडे जायचं. काढलं की सगळ्यांकडून निघायचं.

बरेच ब्लॉग पुढे थंडावले. काढू का, असं मी एकदा विचारलं होतं. तेव्हा वहिनी म्हणाल्या, "असू देत हो भावजी. गप्प बसलं माणूस, म्हणून लगेच नाव खोडायचं का?"

मग वाचनालयात एक जण सगळ्यांसमोर म्हणाले, "साहेब, तुमच्या या फीडच्या बाजारात निम्मी दुकानं बंद. शटर तरी ओढा." सगळे हसले. मला ते लागलं. घरी येऊन मी वर्षभर न लिहिलेले सगळे ब्लॉग काढून टाकले. वहिनींना विचारलं नाही.

त्यात रत्नागिरीकडची एक बाई होती. नवरा गेल्यानंतरच्या दिवसांबद्दल लिहायची. वहिनी तिच्या प्रत्येक लेखाखाली दोन ओळी लिहायच्या, ती उत्तर द्यायची. पण वर्षभरापूर्वी ती लिहायची थांबली होती.

माझ्या लॅपटॉपवर मात्र तिची फीड वेगळी जोडलेली राहिली होती. खूप दिवसांनी उघडली, तर तिचा नवा लेख. शेवटी विचारलेलं, "कामतघरच्या ताई, आहात ना अजून?" मी घाईने ब्लॉगवर गेलो. तिने तो बंद करून टाकला होता.

तिची फीड मी गुपचूप फाइलमध्ये परत घातली. पण बंद ब्लॉगमधून काय येणार?

वहिनी अजून विचारतात, "भावजी, ती नाही का हो लिहीत?"

"नाही," मी म्हणतो.

"बरी असेल ना?"

"असेल." मग त्या माझ्या कपात आणखी थोडा चहा ओततात.

अ‍ॅपने तो लेख माझ्याकडे जपून ठेवलेला आहे. तो वहिनींना वाचायला द्यायचा आहे, आणि तो त्यांना का मिळाला नाही हेही सांगायचं आहे. दोन्ही मी अजून त्यांना देणं लागतो.