मैनाबाईनं मोरीत ओतलेला चीक

अकोल्यात आमच्या गल्लीत तीन बिऱ्हाडं एका ओळीत आहेत. पहिलं माझं, मधलं मैनाबाईचं, शेवटचं खुर्शीदबीचं. तिन्ही स्वयंपाकघरांच्या मोऱ्यांचा पाइप एकच. तो खुर्शीदबीच्या फरशीखालून जातो आणि बाहेर गल्लीतल्या चेंबरला मिळतो.

मी अकोटच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलून म्हातारा झालो. कोण किती राबतं ते मला दिसतं. मैनाबाईएवढं राबणारं माणूस मी क्वचित पाहिलं. नवरा गेल्यावर उन्हाळाभर लोकांच्या कुरडया करून तिनं घर चालवलं. गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, चोथा पिळून काढायचा, खाली बसलेला चीक मोठ्या गंजात शिजवत हाटायचा. हाटताना हात थांबला की गुठळी. तिच्या कुरडईत गुठळी निघाली असं कोणी म्हटलं नाही. दुसऱ्या कोणी हाटायला घेतलं तर ती हातातून काढून घ्यायची. कामातली चूक तिला सोसत नसे.

चिकावरचं पाणी आणि गंजाची खरवड ती मागच्या अंगणात लिंबाच्या आळ्यात टाकायची. यंदा घरमालकानं अंगणात सिमेंट घातलं, तेव्हापासून ते सगळं मोरीत जाऊ लागलं. त्यात एका गिऱ्हाइकाचा घाणा तिच्या हातून बिघडला. करपला, गुठळ्या झाल्या. कोणाला दिसू नये म्हणून तिनं तो गरम पाण्यात पातळ केला आणि मोरीत सोडला. घरचे गहू घालून कुरडया भरून दिल्या. हे तिनं पुढे स्वतःच सांगितलं.

शिजलेला चीक पाइपात थंड झाला की त्याची खळ होते. काही दिवसांत खुर्शीदबीच्या मोरीतून पाणी उलटं येऊ लागलं. आम्ही इकडे भांडी घासली की तिच्या घरात घोटाभर पाणी.

पहिला प्लंबर आला शेखर. त्यानं दारातूनच पाहिलं.

“लाइन दबली, चाची. पूरी फरशी फोडा लागते, नवा पाइप टाका लागते. मटणाची चरबी जमली की असंच होते.”

खुर्शीदबी म्हणाली, “बाबा, माह्या घरी ईदले शिजते मटण. एवढी चरबी खात असती तं मी अशी काडी राह्यली असती काय?”

शेखर हसला. मैनाबाई उंबऱ्यात उभी होती. ती हसली नाही आणि बोललीही नाही.

दुसऱ्या दिवशी अय्युब मिस्त्री आला. त्यानं आधी चेंबरचं झाकण काढलं, उकिडवा बसला, आत हात घातला. चेंबर कोरडं होतं, म्हणजे पाणी आधीच पाइपात अडत होतं. मग त्यानं तिन्ही घरांना विचारलं, “मोरीत काय काय जाते? खरं सांगा.”

“भांड्याचं पाणी. अजून काय जाईन?” मैनाबाई म्हणाली.

“मंग पहिले सळई घालून पाहतो. तेवढ्याचेच पैसे घेईन. नाही उघडलं तं फोडाचं बोलू. आत्ताच फरशीले हात काहून लावता?”

ज्यानं वाकून पाहिलं नाही त्याचा भाव ऐकू नये, असं माझं मत. मी तसं बोललो. मैनाबाई उसळली.

“किसनराव, सळईनं आज उघडते, महिन्यानं पुन्हा बुजते. कराचं तं काम पक्कं करा. माहा हिस्सा माह्याकडं.”

कामाच्या बाबतीत गल्लीत तिचा शब्द चालायचा. खुर्शीदबीनं मान हलवली. “मैना म्हणते तं बरोबरच असन.”

अय्युब सळई उचलून गेला.

सळई घातली असती तर चीक चेंबरमध्ये पडला असता आणि अख्ख्या गल्लीनं पाहिला असता. नवी लाइन टाकली की जुना पाइप आतल्या चिकासकट भंगारात. मैनाबाईच्या डोक्यात एवढंच होतं. त्यापायी तिनं दुसरीची फरशी फुटू दिली. ती निळ्या काठाची फरशी खुर्शीदबीनं मशीनवर ब्लाउज शिवून, पैसा पैसा बाजूला ठेवून बसवून घेतली होती.

शेखर घण घेऊन आला. खुर्शीदबी बाहेरच्या खोलीत मशीनवर जाऊन बसली. मशीन चालू केली नाही. पहिली फरशी फुटली. दुसरी फुटली. तेव्हा मैनाबाईनं शेखरचं मनगट धरलं.

“थांब रे! चरबी नाही ते. माहा चीक हाय. मीच टाकला.”

“मंग आधी काहून नाही सांगतलं, काकू?”

खुर्शीदबी दारात येऊन उभी होती.

“तो मले चरबी म्हणत होता तवा तू इथंच होती ना, मैना?”

“होती.”

“आन् बोलली नाही.”

“नाही.”

खुर्शीदबी परत जाऊन मशीनवर बसली.

अय्युबला पुन्हा बोलावलं. तो सळई घेऊन आला. सळई दोनदा अडली, मग गेली. चेंबरमध्ये पांढरा आंबट लगदा येऊन पडला. मैनाबाईनं अय्युबला हात लावू दिला नाही. स्वतः हातांनी घमेल्यात भरला आणि भर दुपारी सगळ्या गल्लीसमोरून वाहून नेला.

फरशीचा नमुना जुना. अकोल्यात मिळाला नाही. तुकडा पिशवीत घालून ती एसटीनं अमरावतीला गेली, तिथून अचलपूरला. तिथंही नाही. तेव्हा ती म्हणाली, “सगळीच नवी बसवून देतो, खुर्शीद.”

“दोन फुटल्या त्याच्यापायी बाकीच्या काहून फोडू?”

त्या जागी सिमेंट भरलं. काम अय्युबनं केलं, चांगलं केलं.

आता मैनाबाई काही द्यायला गेली तर स्वयंपाकघराच्या दारातूनच हात लांब करते. खुर्शीदबी ओरडते, “आत ये ना. फरशी चावते काय?”

ती आत जाते. सिमेंटवर पाय पडू नये म्हणून भिंतीला धरून जाते. खुर्शीदबी पाहते.