आठ पेट्या अन् चार घड

माझ्या आत्याच्या वजनावर एके काळी अंबड-सातपूरचे निम्मे कारखाने कोरडे होते, असं मी सांगतो तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं की भाचा कौतुकाने वाहवत चाललाय. मी वाहवत जातोच, नाही असं नाही. पण एवढं विधान मात्र शब्दशः खरं आहे. आत्याचं वजन होतं बेचाळीस किलो. लग्नात बेचाळीस, दोन बाळंतपणांनंतर बेचाळीस आणि पन्नाशीतही बेचाळीसच. त्या काळी कारखान्यांवर सिमेंटचे पन्हळी पत्रे असत. दहा-पंधरा पावसाळे झाले की त्यांचा पापड होई, आणि भलत्या जागी पाय दिला की माणूस पत्र्यासकट खाली. असल्या पत्र्यावर चढून तडे बुजवायला नाशकात फार थोडी माणसं तयार होत. त्यांत बाई एकच, ती आमची.

खरं तर धंदा आतोबांचा, म्हणजे आत्याच्या यजमानांचा. पण आतोबा क्विंटलाच्या आसपास. ते कंत्राट घेत आणि कमरेवर हात ठेवून खालून ओरडत. एका जुलैत त्यांची सुरगाण्याकडची सगळी माणसं भाताच्या लावणीला गावी गेली आणि इकडे सातपूरच्या एका कारखान्यात यंत्रांवर पाणी गळू लागलं. आतोबा डोकं धरून बसले. आत्याने नऊवारीचा काष्टा आवळला, त्यावर आतोबांचा जुना शर्ट चढवला आणि डांबराचा डबा घेऊन शिडी चढली. खाली आतोबांनी डोळे मिटले ते ती उतरेपर्यंत उघडले नाहीत. "त्यात काय अवघड हाय?" ती उतरल्यावर म्हणाली. "मेथीच्या वाफ्यात आपण रोपावर पाय देतो का? वरंब्यावरून चालतो. इथं बोल्टाच्या रेषेवरून चालायचं. बोल्टाखाली लोखंड हाय, बाकी सगळी मेथी." मखमलाबादच्या मळ्यात वाढलेल्या बाईला छपराचं शास्त्र एवढ्यावर समजलं होतं, आणि आम्हा पदवीधर भाच्यांना ते शेवटपर्यंत समजलं नाही.

त्या दिवसापासून आत्याचं वजन ही घराची इस्टेट झाली. दर बुधवारी भाजी विकायला गेली की ती व्यापाऱ्याच्या काट्यावर आधी स्वतः चढायची, मग वांगी चढवायची. पंगतीत दुसऱ्या लाडवाचा वाढपी आला की तिचा हात ताटावर आडवा पडलाच म्हणून समजा. आग्रह केला तर म्हणायची, "तुम्हाला नाय कळायचं, पत्र्याला कळतं." आणि तिचं चालणं! फरशी दिसली की आत्या सांध्याच्या रेषेवरून चालणार. देवळात, बँकेत, लग्नाच्या हॉलमध्ये, कुठेही. समोरून कुणी आलं तर ती थांबून त्याला वाट देई, पण रेष सोडत नसे. माझ्या बहिणीसाठी स्थळ बघायला गेलो, तेव्हा मुलाचा पगार बाकीच्यांनी विचारला. आत्या मात्र गच्चीवर जाऊन आली आणि पन्हळीत पाला साचलाय म्हणून तिने नापसंती कळवली. बहिणीने तरीही त्याच मुलाशी लग्न केलं. तिच्या घरात आजही भिंतींना ओल आहे, हे मी कुणाला सांगत नाही.

मी त्या वेळी दिंडोरी रोडवरच्या द्राक्षांच्या एका पॅकिंग शेडमध्ये कारकून होतो. फेब्रुवारी संपत आला होता. परदेशी जाणारा माल पेट्यांमध्ये भरून छपरापर्यंत रचलेला, पन्नासेक शेतकऱ्यांचं वर्षभराचं रक्ताचं पाणी त्यात होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कंटेनर यायचा होता. नेमकी त्या दिवशी पहाटे वाऱ्याने बाभळीची फांदी मोडून छपरावर पडली आणि पत्र्यांना तडे गेले. दुपारी आभाळ काळं झालं. दोन गडी वर चढले, पहिला 'कट्ट' असा आवाज ऐकला आणि चढले त्याच्या दुप्पट वेगाने उतरले. मी सायकल काढली आणि आत्याला बोलावून आणलं.

मॅनेजरसाहेब म्हणाले, "छे, छे! मी बाईमाणसाला वर चढवणार नाही. काही झालं म्हणजे?"

आत्या शांतपणे म्हणाली, "साहेब, तुमचं वजन किती?"

"ब्याऐंशी."

"मग तुम्ही नका चढू." असं म्हणून ती सरळ पेट्या मोजायच्या काट्यावर जाऊन उभी राहिली. काटा बेचाळीसवर थांबला. "पाच किलोच्या आठ पेट्या अन् वर चार घड. आठ पेट्या वर ठेवल्या तर तुमचं छप्पर पडंल का? पडत असंल तर मग राहू द्या."

साहेबांना हिशेबात चूक सापडेना. आत्या वर गेली. बोल्टांच्या रेषांवर फळ्या टाकून ती एकेका तड्यावर गोणपाट चिकटवत, वरून डांबर फासत सरकू लागली. खाली पन्नासजण माना वर करून उभे होते. शेवटचा तडा राहिला आणि डांबर संपलं. दुसरा डबा वर पोचवायला हवा होता, आणि माझ्या अंगात एकाएकी घराण्याचं रक्त संचारलं. मी डबा घेऊन चढलो. चार पावलं रेषेवर टाकली, पाचवं मेथीत पडलं. माझा उजवा पाय मांडीपर्यंत पत्र्यातून आरपार गेला आणि खाली साहेबांच्या टेबलावर चपलेसकट लोंबकळू लागला. तेवढ्यात पहिला थेंब माझ्या टकलावर पडला.

मला वाटलं, आता आत्या शिव्या घालणार. तिने वळून पाहिलं आणि म्हणाली, "हलू नको. सध्या तूच बूच हायेस." आधी तिने शेवटचा तडा बुजवला. मग माझ्या काखेतून दोर घातला, शिडीवरच्या गड्यांकडून मला फळीवर ओढून घेतलं आणि दारावरची शेडच्या नावाची पत्र्याची पाटी मागवून त्या भोकावर डांबराने बसवून टाकली. ती शिडीवरून उतरली तेव्हा पाऊस धो धो कोसळत होता. एकाही पेटीला थेंब लागला नाही. टेबलावर चार थेंब पडले होते, ते माझ्या खात्यातले. कोपऱ्यात उभे असलेले शेतकरी पुढे आले आणि एकेकाने तिला वाकून नमस्कार केला. डांबराने बरबटलेले हात तिला कुठे ठेवावेत कळेना. माझी मांडी सोलली होती, पण छाती इतकी फुगली होती की ते मला घरी गेल्यावर कळलं.

पुढे पोलादाचे रंगीत पत्रे आले. त्यांच्यावर आतोबासुद्धा नाचू शकले असते. एकेक कारखाना जुने पत्रे उतरवू लागला, आमच्या शेडचेही उतरले. आत्याला बोलावणी येईनाशी झाली. ती तक्रार करत नसे. म्हणायची, "चांगलं झालं, आता कुणी पडणार नाय." बुधवारी काट्यावर मात्र चढायचीच.

मग माझ्या भाचीच्या लग्नात पंगतीला मी आत्याशेजारी बसलो होतो. बुंदीच्या दुसऱ्या लाडवाचा वाढपी आला. सवयीने तिचा हात ताटावर आडवा गेला. क्षणभर तिने त्या हाताकडे पाहिलं आणि तो उचलला. "वाढ," ती म्हणाली. सगळी पंगत हसली, कुणी टाळ्याही वाजवल्या. मीही हसलो. तिने लाडू अर्धा खाल्ला, उरलेला रुमालात बांधला आणि माझ्याकडे सरकवला. "सवय नाय रे," एवढंच म्हणाली.

हात धुवायला ती उठली आणि हॉलच्या फरशीवरून, सांध्याच्या रेषेवरून, हळूहळू निघाली. मी लाडू खिशात टाकला आणि तिच्या मागोमाग त्याच रेषेवरून चालत गेलो. या वेळी माझं एकही पाऊल मेथीत पडलं नाही.