वन्संचे पिवळे बाण

माझ्या नणंदेच्या नाकावर माशी बसत नाही, आणि बसलीच तर त्या तिलाही पिवळा रंग फासतील. मी त्यांना वन्सं म्हणते, आमचे हे ताई म्हणतात आणि सगळं गाव पेंटरबाई म्हणतं. खालच्या मजल्यावरची रस्त्याकडची खोली त्यांची. दार उघडलं की आधी टर्पेंटाइनचा वास बाहेर येतो, मागून वन्सं. भिंतीला टेकवलेल्या जुन्या पाट्या, डब्यांत उभे केलेले ब्रश आणि मधोमध एक स्टूल. त्या स्टुलावर दुसरं कुणी बसत नाही. मी एकदा बसले होते, अंगावरचे चांगले कपडे पोतेऱ्यात गेले.

लग्न मोडून त्या माहेरी आल्या तेव्हा सामानात कपडे कमी आणि रंगाचे डबेच जास्त होते, असं हे सांगतात. गावातल्या दुकानांच्या पाट्या मग त्यांनीच रंगवल्या. अक्षर असं वळणदार आणि खाली अशी सावली की न्हाव्याचं दुकानसुद्धा भारदस्त दिसावं. पुढे छापील फलक आले. सकाळी सांगा, दुपारी घेऊन जा. वन्संचं काम आटलं. दुसरी कुणी खिडकीत बसून नशिबाला बोल लावत राहिली असती. वन्सं डबा उचलून डोंगरात गेल्या.

आमच्या गावाला लागून तळं, त्याच्या मागे डोंगर आणि डोंगरापलीकडे नदी. तळ्याच्या काठाकाठानं निघायचं, झाडीतून खिंडीपर्यंत चढायचं आणि पलीकडे नदीवरच्या झुलत्या पुलाशी उतरायचं, अशी एक जुनी पायवाट आहे. सुट्टीच्या दिवशी बाहेरगावची माणसं पाठीला पिशव्या अडकवून यायची, भलतीकडे भरकटायची आणि संध्याकाळी कुणाच्या तरी दारात पाणी मागत उभी राहायची. वन्संनी ठरवलं, ही वाट आपण रंगवायची. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. नगरपालिकेला मागाहून कळलं, आणि फुकटात होतंय म्हटल्यावर तिनंही मान डोलावली.

त्यांची रीत ठरलेली. पाऊस संपला की तळ्यापासून निघायचं, समोर येईल त्या दगडावर, खोडावर पिवळा बाण ताजा करायचा, पुलाशी उतरायचं आणि दुधाच्या गाडीत बसून घरी यायचं. गेल्या वाटेनं परत येणं त्यांना मंजूरच नव्हतं.

"आलो तिकडूनच परत जायचं, तर निघायचंच कशाला?" त्या विचारायच्या.

दुसरा नियम त्याहून कडक होता. दगडावर अक्षर काढायचं नाही. "दगडावर नावं लिहिणारी टाळकी वेगळी. बाण म्हणजे बाण. डोंगराला बडबड खपत नाही," असं म्हणून त्या माझ्याकडे बघायच्या. मी काय ते समजून घ्यायची.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी आमच्या यांना चालायला सांगितलं. हे घड्याळं दुरुस्त करतात. दिवसभर डोळ्याला भिंग, बुडाखाली खुर्ची, त्यामुळे पोट पुढे आणि दम कमी. तरी एका सकाळी बहिणीबरोबर डोंगरात निघाले. खिंडीशी पोचेपर्यंत भाता फुटायची वेळ आली.

"ताई, मी इथूनच मागं फिरतो," हे म्हणाले.

"फीर. माझे बाण बघत जा. आंधळासुद्धा घरी पोचेल," म्हणून वन्सं पुढे गेल्या.

दुधाच्या गाडीनं त्या घरी आल्या, हात धुतले आणि मला विचारलं, "छोट्या आला ना गं?"

छोट्या म्हणजे आमचे हे. साठी जवळ आली, डोक्यावर औषधालाही केस नाही, पण ताईसाठी छोट्याच. तेसुद्धा फक्त घरात. चारचौघांत कुणी ते नाव ऐकलं तर यांना मेल्याहून मेल्यासारखं होतं.

छोट्या आलेला नव्हता. माझ्या तोंडचं पाणी पळालं. अर्धं गाव शोधायला गेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हे ओढ्यात सापडले. घोटा मोडलेला, हाका मारून मारून घसा बसलेला. पाय प्लास्टरमध्ये घालून घरी आणलं तेव्हा पलंगावरून पहिलं वाक्य बोलले ते असं, "ताई, बाण नव्हतेच गं."

"नव्हते कसे? प्रत्येक वळणावर आहेत."

"मला एकही दिसला नाही. फाट्यावर किती वेळ उभा होतो."

वन्सं काहीतरी फाडकन बोलणार होत्या, पण थांबल्या. त्यांनी डोळे मिटले. मनातल्या मनात खिंडीतून खाली उतरत असाव्यात. डोळे उघडले तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता. सगळे बाण गावाकडून जाणाऱ्याच्या तोंडासमोर होते. परत येणाऱ्याला नुसती दगडाची कोरी पाठ. इतकी वर्षं त्या वाटेनं त्या एकदाही परत आल्या नव्हत्या, आणि त्यांचं बघून दुसरं कुणीही नाही.

मी संतापले होते. "वन्सं, एवढी वर्षं रंगवताय, एकदा मागं वळून बघावंसं वाटलं नाही तुम्हाला?"

त्यांनी यांच्या प्लास्टरखालची उशी सारखी केली. त्यांनी भांडायला हवं होतं असं मला वाटलं.

आठवड्याभरात नगरपालिकेचा अधिकारी दारात उभा राहिला. वाट बंद करायची, दोन्ही टोकांना काटेरी तार ठोकायची, असं ठरल्याचं सांगितलं. वन्सं स्टुलावरून उठल्या.

"मी परतीचे बाण काढते. मग तुम्ही पुलाकडून चालत या. मी बरोबर नसेन. चुकलात, तर तार मी धरीन, तुम्ही ठोका."

"माझं राहू द्या," अधिकारी म्हणाला, "ज्यांचा पाय मोडला ते जातील का पुन्हा? तुमच्या भावाचा विश्वास उरला नाही, तर गावानं कशाच्या भरवशावर जायचं?"

आतून पलंगाचा आवाज आला. "पाय बरा होऊ द्या. मी जाईन."

मी कपाळावर हात मारून घेतला. ही भावंडं एकाच मातीची. अधिकाऱ्यानं खांदे उडवले आणि म्हणाला, "हे आले तर मीही येईन. तोवर तार थांबवतो."

वन्संचा एक गुडघा कधीचाच कामातून गेलेला आहे. पुलाकडून चढायचं म्हणजे छातीवर येणारी चढण, आणि खिंडीपासून तळ्यापर्यंत सगळा उतार, जो गुडघ्याचा खरा वैरी. मी रंगाचा डबा धरायला बरोबर गेले. खरं सांगायचं तर डोळ्यात तेल घालून त्यांच्यावर लक्ष ठेवायला गेले. त्या चार पावलं चढत, वळत, दगडाकडे निरखून बघत, बाण काढत. मग मागे जाऊन येणाऱ्याच्या नजरेनं पुन्हा तपासत. एकच दगड तीनदा पुसायला लावला तेव्हा मी डबा खाली ठेवून संपावर गेले. त्यांनी डबाही स्वतःच उचलला, आणि मी निमूट मागून निघाले. रोज संध्याकाळी गुडघा सुजून टम्म. मी गरम पाण्याची पिशवी देत म्हणायची, "उद्या नको." त्या म्हणायच्या, "उद्याच."

खिंडीच्या खाली तो फाटा आला. वन्सं थांबल्या. डावीकडे एक वाट, उजवीकडे एक. त्या इकडे बघतात, तिकडे बघतात.

"कुठली हो?" मी विचारलं.

"मला कळत नाहीये गं."

स्वतः रंगवलेल्या डोंगरात पेंटरबाई वाट चुकल्या होत्या. डाव्या वाटेनं खाली गेल्या, तर ती ओढ्यात उतरली. तशाच लंगडत वर आल्या. "ही रुंद दिसते. छोट्या हिनंच गेला असणार. मीसुद्धा हिनंच गेले असते." मग तिथल्या मोठ्या काळ्या दगडावरून त्यांनी हात फिरवला, वरची माती झटकली. मला वाटलं, आता रडतील. त्या म्हणाल्या, "बारीक ब्रश दे. आणि तिकडं तोंड करून बस."

मी बसले. साध्या बाणाला लागायचा त्याहून पुष्कळ वेळ लागला. काय काढलं ते मी चोरून बघितलंच, पण घरी आल्यावर अवाक्षर काढलं नाही.

यांचा पाय बरा झाला. ठरल्या दिवशी हे आणि अधिकारी दुधाच्या गाडीतून पुलाकडे गेले. वन्सं आणि मी तळ्याकडच्या टोकाला जाऊन बसलो. तिथे ट्रक आधीच हजर. त्यात तारेची वेटोळी, आणि खांब रोवायला आलेली दोन माणसं पत्ते कुटत बसलेली. वन्सं त्यांच्याकडे ढुंकूनही बघेनात. नजर वाटेवर, गुडघ्यावर हात. ऊन डोक्यावरून सरकलं तरी कुणी येईना. पत्तेवाल्यांनी पत्ते आवरले.

शेवटी झाडीतून अधिकारी बाहेर आला. एकटा.

वन्सं ताडकन उठल्या. "तो कुठाय?"

"येतायत," अधिकारी रुमालानं मान पुसत म्हणाला. "वाटेत कुठेच अडलो नाही. वाट सरळ आहे. पण फाट्यावरच्या त्या काळ्या दगडासमोर ते जे बसले, ते उठेचनात. मला म्हणाले, तुम्ही व्हा पुढे." तो जरा घुटमळला. "पेंटरबाई, एक विचारू? हा छोट्या कोण?"

पत्तेवाले हसले. वन्सं नाही हसल्या. त्या काळ्या दगडावर त्यांनी दुकानाच्या पाटीला काढतात तसं वळणदार, सावलीचं अक्षर काढलं होतं: 'छोट्या, घर इकडे.' माफी हा शब्द मी त्यांच्या तोंडून अजूनपर्यंत ऐकलेला नाही.

थोड्या वेळानं हे आले, काठी टेकत, डोळे लाल. "ताई, सगळ्या गावाला कळलं आता."

"कळू दे. पाय दुखतोय का?"

"नाही."

"खोटं बोलू नकोस. बस इथं." त्यांनी आपल्या शेजारची जागा हातानं झटकली. हे बसले. अधिकाऱ्यानं ट्रकवाल्याला हात केला आणि तार आली तशी परत गेली.

यांचं दुकान तळ्याच्या वाटेच्या तोंडाशीच आहे. डोंगर उतरून आलेली माणसं हल्ली पाणी प्यायला तिथं थांबतात आणि हसत हसत विचारतात, "काका, वर दगडावर लिहिलंय, तो छोट्या कोण हो?"

हे भिंग काढून ठेवतात. "मी," म्हणतात.