सालादोकाठचे हाडांचे छत

सालादो नदीच्या त्या काठावर पेलूदो सहसा कोणी खात नसे. खवल्यांच्या पाठीचे हे बिळातले जनावर थडगी उकरते, हे प्रत्येकाने पाहिले होते. निकासिया मात्र नवऱ्याने दर रविवारी धरून आणलेले ते जनावर त्याच्याच कवचात भाजून खाई.

"शिसारी कशी येत नाही गं तुला?" शेजारीण तोमासा नाक मुरडी.

"माझं कोणी उघड्यावर नाही," निकासिया म्हणे.

तिची मुलगी जन्मताच गेली होती. बाप्तिस्मा राहिला, म्हणून पाद्र्याने दफनभूमीत जागा नाकारली. तेव्हा नवऱ्याने, बासिलियोने, नदीच्या दरडीतून डोकावणाऱ्या एका घुमटासारख्या प्रचंड कवचाखाली खळगा केला, बाळ ठेवले आणि खळग्याचे तोंड बुजवले. त्या हाडात कोणाचीच नखे शिरणार नव्हती. धर्माने दाराबाहेर ठेवलेल्या जिवाला एका नामशेष जनावराने छत दिले, या जाणिवेवर निकासिया पुढची वर्षे जगली.

दुष्काळात नदी आटली आणि शहरातल्या संग्रहालयाची माणसे जुनी हाडे खणायला आली.

"पेलूदोचे आजोबा सापडले रे!" एक मजूर ओरडला.

"आजोबा नव्हे, चुलत घराणं," संग्रहालयाचे डॉक्टर मेरलिनो हसले. "ग्लिप्टोडॉन. बैलाएवढा असायचा. मातीसकट प्लॅस्टरमध्ये बांधा, शहरात उघडू."

निकासिया गर्दीत उभी होती. गप्प राहावे तर लेक शहरात जाणार. बोलावे तर साऱ्या गावासमोर तिचे थडगे उघडणार.

"साहेब, आत माझी लेक आहे."

"अगं, गप्प बस की!" बासिलियो पुटपुटला.

डॉक्टरांनी टोपी काढली. "आधी तिला बाहेर घेऊ, बाई."

माती हलक्या हाताने निघाली. आत वाळक्या गवताचे घरटे होते आणि खालून वर आलेले एक गोल, गुळगुळीत भुयार. हाड नव्हते, दुपट्याची चिंधीही नव्हती.

"पेलूदोचं बीळ," मजूर हळूच म्हणाला.

"कवच फक्त पाठीवर असतं, बाई," डॉक्टर म्हणाले. "पोटाकडून हे उघडंच."

तोमासाने शाल तोंडाशी धरली. निकासिया मात्र नवऱ्याकडे वळली.

"बासिलियो, दर रविवारी पेलूदो कुठून आणायचास?"

"काठावरून."

"कुठल्या काठावरून?"

"इथल्याच," म्हणत बासिलियो दरडीकडे पाठ करून उभा राहिला.